ड्युटी शून्य, तरी ब्रिटनचं नुकसान कशात झालं?

कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकानं प्रश्न विचारला आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, पण दोघांत शून्य ड्युटीचा करार झाला. मग नुकसान झालं म्हणतात ते नेमकं कशात? कोविड आणि युक्रेनच्या युद्धाचं खापर ब्रेक्झिटवर फुटतंय का? आणि ब्रिटनला माल पाठवणाऱ्या कोल्हापूरकरानं यातून काय समजून घ्यायचं?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची निर्यातीची कागदपत्रं, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), कस्टम्सच्या शंका हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम. अर्थशास्त्र मी वाचतो, पण ते मला पटतं ते शिपिंग बिलात दिसतं तेव्हा. म्हणून उत्तरही त्याच बाजूनं देतो.

पहिली गोष्ट: शून्य ड्युटी आपोआप मिळत नाही, ती सिद्ध करून मिळवावी लागते. ब्रिटनमध्ये जे बदललं त्याचं मूळ इथं आहे.

सीमाशुल्क संघ आणि मुक्त व्यापार करार या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच समजल्या जातात. सीमाशुल्क संघात बाहेरून आलेल्या मालाची ड्युटी पहिल्या बंदरावर एकदा भरली की विषय संपला. पुढं तो माल संघातल्या कुठल्याही देशात फिरो, 'हा बनला कुठं' असं कुणी विचारत नाही. ब्रिटन १९७३ पासून या व्यवस्थेत होता, आणि १९९३ पासून एकल बाजारपेठेतही, म्हणजे मालाची मानकं आणि तपासण्यासुद्धा सामाईक. मुक्त व्यापार करारात मात्र सवलत फक्त करार करणाऱ्यांच्या प्रदेशात बनलेल्या मालाला मिळते, आणि तो तिथं बनला हे दाखवण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन औपचारिकरीत्या बाहेर पडला, संक्रमणकाळ त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपला. १ जानेवारी २०२१ च्या सकाळी ब्रिटन पहिल्या व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत गेला. ड्युटीचा दर शून्यच राहिला, पण तो मागण्याचा हक्क आता दर खेपेला शाबीत करावा लागू लागला.

आपल्या ओतकामाचं उदाहरण घ्या. समजा शिरोलीत पंपाची बॉडी ओतली, ती ब्रिटनला गेली, तिथल्या कारखान्यानं तिच्यावर मशीनिंग केलं, इंपेलर, शाफ्ट, सील बसवलं आणि पूर्ण पंप जर्मनीला विकला. २०२० पर्यंत आपल्या कास्टिंगची ड्युटी ब्रिटनच्या बंदरावर एकदा भरली की बाकी रस्ता मोकळा होता. आता जर्मन कस्टम्सपुढं हा पंप 'ब्रिटिश' ठरला पाहिजे. बऱ्याच यंत्रवस्तूंसाठी ढोबळ नियम असा, की बाहेरच्या देशांतून आलेल्या भागांची किंमत तयार मालाच्या कारखाना किमतीच्या निम्म्याहून जास्त नको. युरोपीय भाग वापरले तर ते ब्रिटिश म्हणून धरले जातात, भारतीय भाग धरले जात नाहीत. म्हणजे ज्या स्वस्ताईसाठी त्यानं कोल्हापूरचा माल घेतला, तो माल त्याच्या हिशोबात अचानक 'परका' झाला. हिशोब जमला तर ड्युटी शून्य. पण जमतो की नाही हे बघायला त्याला प्रत्येक भागाचा मूळ देश, त्याची किंमत आणि पुरवठादाराचं निवेदन जपून ठेवावं लागतं. २०२१ नंतर ब्रिटिश खरेदीदारांकडून आपल्याकडे ओरिजिनबद्दलच्या प्रश्नावल्या वाढल्या त्या यामुळे. आपल्या काही मंडळींना ती नसती चौकशी वाटली. ती त्याच्या जर्मन गिऱ्हाइकापर्यंत पोचायची शिडी होती.

याहून विचित्र परिस्थिती काहीही न करता पुढं पाठवलेल्या मालाची झाली. मार्क्स अँड स्पेन्सरची पर्सी पिग नावाची गोळी जर्मनीत बनते. जर्मनीहून ती शून्य ड्युटीनं ब्रिटनमध्ये येते, पण तिथून आयर्लंडच्या दुकानात पाठवली की तिला ड्युटी लागू होऊ शकते. ब्रिटनमध्ये तिच्यावर कसलीच प्रक्रिया झालेली नाही, त्यामुळे ती ब्रिटिश ठरत नाही, आणि एकदा संघाबाहेर येऊन ब्रिटनमध्ये खपाला मोकळी झाल्यामुळे युरोपीय म्हणूनही तिला सवलत मिळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी हेच उदाहरण जाहीरपणे दिलं होतं. करार वाचून अनेकांना वाटलं होतं की युरोपात बनलेला माल तर सुटणारच. नियम माल कुठं बनला एवढंच बघत नाही, तो कुठल्या रस्त्यानं आला हेही बघतो.

आपल्याकडे याचा फटका ब्रिटनमध्ये गोदाम ठेवणाऱ्यांना बसला. न्हावाशेवाहून कंटेनर फेलिक्स्टोला उतरवायचा, इंग्लंडच्या गोदामात माल ठेवायचा आणि तिथून डब्लिन, रॉटरडॅम, हॅम्बर्गच्या गिऱ्हाइकांना पॅलेट पॅलेटनं द्यायचा, ही सोयीची रचना होती. भाषा इंग्रजी, बँक ओळखीची, एकच साठा. २०२१ नंतर तोच माल ब्रिटनमध्ये ड्युटी भरून मोकळा केला आणि पुढं युरोपात पाठवला तर तिथं पुन्हा ड्युटी. बाँडेड गोदाम, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायची जागा, आणि ट्रान्झिटची कागदपत्रं वापरून यातून सुटता येतं, पण त्यासाठी तिथं जाणकार एजंट हवा आणि त्याची फी परवडायला हवी. शेवटी बऱ्याच जणांनी साठा दोन ठिकाणी केला, एक इंग्लंडमध्ये, दुसरा नेदरलँड्समध्ये. साठा दोन ठिकाणी म्हणजे अडकलेलं भांडवल जास्त, विमा दोनदा, आणि एका गोदामात माल पडून असताना दुसऱ्यात तुटवडा. हा खर्च ड्युटीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

जीएसटीच्या आधीचे दिवस आठवत असतील त्यांना हे लगेच कळेल. कोल्हापूरहून बेळगावला माल द्यायचा तर केंद्रीय विक्रीकर दोनच टक्के होता, पण त्यासाठी समोरच्याकडून सी फॉर्म मिळवावा लागे. दोन टक्क्यांबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार असायची ती न आलेल्या सी फॉर्मची, असेसमेंटला काढलेल्या मागणीची आणि हद्दीवरच्या नाक्यात अडकलेल्या ट्रकची. जुलै २०१७ मध्ये ते गेलं. ब्रिटननं असला नाका काढला नाही, तर पूर्वी जिथं नव्हता तिथं नव्यानं उभा केला, आणि तोही आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या वाटेवर. आजही ब्रिटनच्या एकूण निर्यातीतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा युरोपीय संघाकडे जातो.

आता आकडे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी कंपन्यांच्या कस्टम्स नोंदींवरून हिशोब मांडला. २०२२ मध्ये ब्रिटनची एकूण वस्तुनिर्यात या नव्या करारामुळे सुमारे ६.४ टक्क्यांनी कमी भरली, म्हणजे २७ अब्ज पौंडांनी. आणि जवळपास १६,४०० कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच थांबवलं. मला यात दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कंपन्यांची निर्यात फारशी पडलेली नाही. त्यांच्याकडे कस्टम्सचं खातं असतं, वकील असतात, युरोपात उपकंपनी उघडायची ताकद असते. मेले ते छोटे. वर्षाकाठी दहा-वीस खेपा पाठवणाऱ्याला प्रत्येक खेपेमागचा कागदी खर्च तेवढाच येतो जेवढा मोठ्याला येतो, पण तो पसरायला त्याच्याकडे माल नसतो. उद्यमनगरातल्या चार-पाच कामगारांच्या वर्कशॉपला हा हिशोब समजावून सांगायची गरज नाही.

आणि आजचा छोटा निर्यातदार गेला की उद्याचा मोठा निर्यातदार जन्मालाच येत नाही. हे नुकसान कुठल्याही वार्षिक आकड्यात पकडता येत नाही, पण मला ते सर्वांत काळजीचं वाटतं.

खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वेगळं लिहीत बसत नाही. ब्रिटनहून युरोपला जाणाऱ्या मांस, चीज, मासळी यांना प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र लागू लागलं, आणि त्याच संस्थेच्या आणखी एका अभ्यासानुसार २०२१ अखेरपर्यंतच्या दोन वर्षांत ब्रेक्झिटमुळे ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ सहा टक्क्यांनी महागले. झळ अर्थातच गरिबांना जास्त, कारण त्यांच्या मिळकतीतला मोठा वाटा किराण्यावर जातो.

चलनाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ते आपल्या खिशात थेट आलं. सार्वमताच्या रात्री पौंड दीड डॉलरच्या आसपास होता, दुसऱ्या दिवशी तो १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. रुपयात बघितलं तर शंभरीजवळचा पौंड काही तासांत नव्वदीत आणि वर्ष सरता सरता ऐंशीच्या घरात आला. ज्यांनी पौंडात भाव दिले होते आणि फॉरवर्ड कव्हर घेतलं नव्हतं, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेकडे आधीच बांधून घेतला नव्हता, त्यांचा वर्षाचा नफा एका निकालात गेला. तेव्हा ब्रिटन संघातून बाहेर पडलाही नव्हता, फक्त पडणार एवढं ठरलं होतं. बाजार पुढचा अंदाज आजच्या भावात धरतो, तो असा.

चलन पडलं की निर्यात वाढते असं पुस्तकात असतं. ब्रिटनला तो फायदा फार मिळाला नाही. एक तर तिथल्या कारखान्यांचे सुटे भाग आयातीचे, ते महाग झाले. दुसरं म्हणजे नवी गिऱ्हाइकं जोडायला आणि नवं यंत्र टाकायला पुढचे नियम माहीत असावे लागतात, आणि नियम साडेचार वर्षं कुणालाच माहीत नव्हते. बाहेर पडण्याची तारीख आधी २९ मार्च २०१९, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी. कराराचा मसुदा ठरला २४ डिसेंबर २०२० ला आणि तो लागू झाला आठ दिवसांनी. अशा स्थितीत पन्नास लाखांचं सीएनसी मशीन कोण घेईल? २०१६ नंतर ब्रिटनमधली व्यावसायिक गुंतवणूक जवळपास जागच्या जागी थांबली. पहिली तारीख जवळ आली तेव्हा, २०१९ च्या सुरुवातीला, तिथल्या कारखान्यांनी घाबरून साठे भरले. आपल्याकडच्या काही फौंड्र्यांना त्या तिमाहीत ऑर्डरींचा पूर आला आणि पुढच्या दोन तिमाहीत शुकशुकाट. वाढ समजून ज्यांनी मोल्डिंग लाइन वाढवली त्यांना ते महागात पडलं.

कोविड आणि युद्धाचा वाटा वेगळा कसा काढायचा, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. पद्धत अशी, की ब्रिटनसारखीच वाढ असलेल्या इतर प्रगत देशांचं एक मिश्रण तयार करायचं, जे २०१६ पर्यंत ब्रिटनच्या रेषेवर तंतोतंत बसतं, आणि मग बघायचं की नंतर दोन्ही रेषा किती फाकल्या. कोविड सगळ्यांना आला, गॅस सगळ्यांना महागला. जो जास्तीचा फरक उरतो तो ब्रेक्झिटचा. पद्धत निर्दोष नाही. लसीकरण, टाळेबंदी, ऊर्जेचं मिश्रण प्रत्येक देशात वेगळं होतं. म्हणून अंदाज एक नसतो. ब्रिटनचं स्वतःचं स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालय दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्के कमी राहील आणि आयात-निर्यात दोन्ही १५ टक्क्यांनी कमी होतील असं धरून चालतं. २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका मोठ्या अभ्यासात नुकसान जीडीपीच्या ६ ते ८ टक्के काढलं आहे. आकडा कुठलाही घ्या, त्याचा अर्थ उत्पन्न तेवढं घटलं असा नाही. ते वाढलंच, पण जेवढं वाढू शकलं असतं त्याहून तेवढं कमी वाढलं. म्हणूनच सामान्य माणसाला ते जाणवत नाही. कारखाना बंद पडलेला दिसतो, न उभारलेला कारखाना दिसत नाही.

दुसरी बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मतदानाआधी ब्रिटनच्या अर्थखात्यानं सांगितलं होतं की बाहेर पडायचा निकाल लागला तर लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील. तसं झालं नाही. लंडनहून बँका पळून जातील ही भीतीही पुरती खरी ठरली नाही. जानेवारी २०२१ मध्ये शेअर व्यवहारांत ॲम्स्टरडॅमनं लंडनला मागं टाकलं हे खरं, पण एकूण सेवानिर्यात, विशेषतः सल्लागार आणि व्यावसायिक सेवांची, चांगली वाढली. स्थलांतर कमी करायला मत दिलं होतं, ते आधी वाढलं; जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ आकडा नऊ लाखांच्या वर गेला. युरोपातल्यांच्या जागी भारत, नायजेरिया, चीनमधले लोक आले. आपल्या जिल्ह्यातली मुलं शिकायला आणि नर्स म्हणून तिकडं गेली ती याच लाटेत. आणि २०२५ मध्ये अमेरिकेनं शुल्कं लावली तेव्हा ब्रिटनला बहुतेक मालावर १० टक्के लागले, युरोपीय संघाला १५. स्वतंत्र धोरणाचा हा खरा फायदा, तो नाकारता येणार नाही.

पण तराजूत दोन्ही पारडी ठेवा. प्रशांत महासागरी देशांच्या करारात ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये सामील झाला. त्यांच्याच सरकारचा सुरुवातीचा अंदाज, दीर्घकाळात जीडीपीत ०.०८ टक्के वाढ. भारताशी २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कराराचा अंदाज ०.१३ टक्के, वर्षाला ४.८ अब्ज पौंड. दोन्ही मिळून ०.२१. समोर नुकसान ४ टक्के. अंतराचा नियम इथं दिसतो: जवळच्या, मोठ्या, शेजारच्या बाजारपेठेशी जेवढा व्यापार होतो तेवढा सात-आठ हजार किलोमीटरवरच्या देशाशी कितीही करार केले तरी होत नाही. ब्रिटनलाही हे उमगलेलं दिसतं. मे २०२५ मध्ये त्यांनी युरोपीय संघाशी अन्न तपासणी आणि कार्बन बाजार जोडण्याबद्दल पुन्हा बोलणी सुरू करायचं ठरवलं.

सगळ्यांचंच असं नुकसान होतं का? नाही. ग्रीनलंड १९८५ मध्ये त्या वेळच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडला. अर्थव्यवस्था मासळीची, तिला युरोपात ड्युटीमुक्त प्रवेश राहिला, बदल्यात युरोपीय बोटींना मासेमारीचे हक्क. एकच मुख्य माल, सीमा ओलांडून फिरणारे सुटे भाग नाहीत, म्हणून जखम लहान. भारतानं नोव्हेंबर २०१९ मध्ये आरसेपला, म्हणजे आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार कराराला, नकार दिला, त्याची ब्रिटनशी तुलना केली जाते, ती मला पटत नाही. आपण दारातून परतलो. आत राहून चाळीस-पन्नास वर्षं उभारलेल्या साखळ्या आपल्याला तोडाव्या लागल्या नाहीत. न्यूझीलंडच्या दूध पावडरीची आपल्या दूध उत्पादकांना वाटणारी भीती रास्त होती. त्या निर्णयाची किंमत आहे, पण ती न मिळालेल्या संधीची आहे. बाहेर पडण्याची किंमत किती, हे आत असताना धंदे एकमेकांत किती गुंतले यावर ठरतं.

आता तुमचा धंदा. भारत-ब्रिटन कराराबद्दल फौंड्रीवाल्यांनी फार उड्या मारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंडी ओतकामावर ब्रिटनची ड्युटी आधीच किरकोळ होती. खरा फरक पडेल तो कापडाला, जिथं १२ टक्क्यांपर्यंत ड्युटी होती, आणि चपला-बुटांना, जिथं ती १६ टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे इचलकरंजीला आणि आपल्या चपलेच्या कारागिराला. तेही ओरिजिनचे कागद नीट असतील तरच. कातडं कुठून आलं, सूत कुठून आलं, हे लिहून ठेवायची सवय ज्यांना आज नाही, त्यांना शून्य ड्युटी फक्त बातमीत दिसेल.

तुम्ही पहिल्यांदा ब्रिटिश खरेदीदाराला एकच गोष्ट विचारा: माझा माल घालून तू जे बनवतोस ते पुढं कुठं विकतोस? युरोपात विकत असेल तर तुमच्या भागाची किंमत वाढवताना त्याचा निम्म्याचा हिशोब मोडत नाही ना हे बघावं लागेल. पाच टक्के भाववाढीनं त्याची पूर्ण सवलत जाऊ शकते आणि तो तुम्हाला कारण न सांगता पुरवठादार बदलेल. डीडीपीवर, म्हणजे ड्युटीसकट दारात पोच, असा भाव ब्रिटनसाठी दिला असेल आणि तोच आयर्लंडच्या पत्त्यावर लागू होतोय असं धरलं असेल, तर ते वेगळं करा. ते दोन वेगळे कस्टम्स प्रदेश आहेत, दोन्हींकडे वेगळा ईओआरआय नंबर, म्हणजे कस्टम्सचा नोंदणी क्रमांक, लागतो. रंग, कोटिंग, गंजरोधक तेल यांच्या रसायन नोंदणीचेही आता दोन कायदे आहेत.

आणि कार्बनचा कर, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी लागणारा. युरोपीय संघाचा तो १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण रूपात लागू झाला, ब्रिटनचा १ जानेवारी २०२७ पासून येतोय, दोन्हींत लोखंड-पोलाद आहे. युरोपच्या यादीत सगळं ओतकाम नाही, पण पाइप फिटिंग, नट-बोल्ट यांसारखा माल आहे, म्हणून आधी आपला एचएस कोड पक्का करा. ब्रिटन आत असता तर एकच फॉर्म लागला असता. आता एकाच भट्टीतल्या एकाच हीटचा (एका वेळच्या वितळणीचा) हिशोब दोन सरकारांना त्यांच्या त्यांच्या पद्धतीनं द्यायचा आहे. पिग आयर्न कुणाकडून घेतलं, स्क्रॅप किती टाकलं, कोक किंवा वीज किती लागली, याची हीटप्रमाणे नोंद याच महिन्यापासून ठेवायला लागा. खरेदीदार मागेल तेव्हा मागच्या वर्षाचे आकडे आठवून भरता येत नाहीत.